उघडी कातर

पप्पूच्या थोरल्या मुलाचं जावळ काढलं, ते साल दोन हजार पाच. मार्गशीर्ष महिना होता. पप्पू हा माझा धाकटा मुलगा, दौंडला रेल्वेत पॉइंट्समन. जावळ आमच्या गावी, मांडवगण फराट्याच्या माळावर, बिरोबापुढं काढायचं ठरलं होतं. त्यासाठी माझी नात धनश्री हैदराबादेच्या गाडीनं दौंडला उतरणार होती.

धनश्री ही माझ्या थोरल्या मुलाची, माऊलीची मुलगी. उसाला पाणी धरताना माऊलीला घोणस चावली, तेव्हा ती चौथीत होती. त्याला आम्ही बैलगाडीतून हमरस्त्यापर्यंत आणला, पुढं ट्रकमधून दवाखान्यात नेला. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी बंद झाली आणि तो गेला. त्यानंतर गावात साक्षरतेचा वर्ग निघाला. मला पाटी धरायला लावली ती या पोरीनं, आणि मोठी होऊन पुण्याच्या एका संशोधन संस्थेत घोणशीच्या विषावर काम करायला लागली तीही हीच. हे कळलं तेव्हा अनसाबाई, माझी बायको, बरेच दिवस जेवताना कुणाशी बोलली नव्हती.

पोरगी गाडीतून उतरली ती थर्माकोलचा डबा कडेवर घेऊन. लेकरू धरावं तसा तिनं तो धरला होता.

"काय गं, हैदराबादवरनं मासं आणलं व्हय?" पप्पू म्हणाला.

"मासं असतं तर तू पुलावरनंच हुंगलं असतंस, काका. चल लवकर, बर्फ वितळायला लागलाय."

डबा पप्पूच्या क्वार्टरमधल्या फ्रिजमध्ये ठेवायचा होता. मांडवगणला वीज दिवसातून दोनदा जायची. रेल्वे कॉलनीत मात्र ती सहसा जात नसे, म्हणून डबा दौंडलाच ठेवून गावी जायचं ठरलं. पप्पूची बायको हर्षदा हिनं फ्रिजमधलं दूध, कोथिंबीर, इडलीचं पीठ सगळं बाहेर काढलं आणि एक कप्पा पुसून दिला. धनश्रीनं त्यात चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कुप्या ओळीनं लावल्या.

अनसाबाई दारात उभी राहून बघत होती. "काय हाय त्यात?"

"माझं काम हाय, आजी."

"काम थंड ठिवावं लागतं व्हय?"

धनश्री जरा घुटमळली. मग म्हणाली, "घोणशीच्या विषातलं प्रथिन हाय, हैदराबादच्या प्रयोगशाळेत काढलेलं. थेंब थेंब हाय नुसतं. कुणाला काही होत न्हाई त्यानं. पण कुणी हात लावू नका. त्याला आम्ही रंग लावलाय, उजेड चालत न्हाई त्याला."

अनसाबाई पदर डोक्यावर ओढून आत गेली.

तिची एक सवय सांगायला हवी. घरातून जे काही बाहेर जाईल, त्याला ती भंडारा लावी. पूर्वी आमच्या मेंढ्या होत्या, तेव्हा पहिल्या कातरणीच्या लोकरीला लावायची. पुढं मेंढ्या गेल्या, ऊस आला, तर पाटसच्या कारखान्याला जाणाऱ्या पहिल्या मोळीला लावायला लागली. पप्पूच्या नोकरीच्या हुकुमाच्या कागदाला लावला, तो डाग साहेबानं बघितला आणि हसला. बाजारचा भंडारा ती घेत नसे. हळकुंडं आणून घरच्या जात्यावर दळायची, बिरोबाच्या पायाला लावून आणायची आणि कमरेच्या पिशवीत ठेवायची. तिच्या उजव्या हाताची बोटं बाराही महिने पिवळी असत.

दुसऱ्या दिवशी जावळ झालं. माळावर भंडारा उधळला, बोकड पडला, लेकरू रडून निळं झालं. संध्याकाळी आम्ही सगळे जीपनं परत दौंडला आलो. सकाळी धनश्री डबा घेऊन पुण्याला गेली. बस, एवढंच झालं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात अनसाबाईला वाऱ्याचा झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण एका गालातून. पप्पूमुळं रेल्वेच्या दवाखान्यात उपचार होणार होते, म्हणून आम्ही दोघं गावचं घर आणि शेत धनश्रीची आई विठाबाई हिच्यावर सोडून दौंडच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. दोन खोल्या होत्या. खिडकीसमोर मालगाडीचे डबे उभे असत. एक रांग हलली की दुसरी येऊन उभी राही. पलीकडचं काही दिसायचं नाही. जन्म उघड्या माळावर गेलेल्या बाईला कूस बदलायलाही माणूस लागत होतं आणि डोळ्यापुढं दिवसभर तांबडं लोखंड. "ह्ये डबं कवा जाणार?" ती रोज विचारायची. मी म्हणायचो, "जातील."

श्रावणात हर्षदा दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेली. पप्पूच्या पाळ्या असत. अनसाबाईला उचलायचं, पुसायचं, भरवायचं हे माझ्या एकट्याच्यानं होईना. तेव्हा धनश्री आली. येताना कागदांचा गठ्ठा घेऊन आली. मी म्हणालो, "कामाचं नुकसान व्हईल की गं तुझं." ती म्हणाली, "काम अडलंच हाय, आबा. सर म्हणाले, घरी जा, डोकं शांत कर, आन् सोमवारी येऊन सांग काय करायचं ते."

ती दिवसभर आजीचं करायची. वेळ मिळाला की कागद पसरून बसायची आणि त्यांच्याकडं नुसती बघत राहायची. एका दुपारी भाकरी करता करता डोळे पुसताना मला दिसली. चुलीच्या धुराचं निमित्तही नव्हतं, घरात गॅस होता.

"काय अडलंय ते मला सांग," मी म्हणालो. "मला कळंल एवढं तरी सांग."

तिनं हात धुतले. भिंतीवर खिळ्याला आमची जुनी लोकर कातरायची कातर टांगलेली होती. मेंढ्या विकल्या तरी अनसाबाईनं ती विकू दिली नव्हती. धनश्रीनं ती काढली आणि उघडून मिटून दाखवायला लागली.

"कातर मोकळी वाजवू नगं गं!" अनसाबाई खाटेवरून ओरडली. "घरात भांडणं व्हत्यात."

"न्हाई वाजवत, आजी." तिनं कातर जमिनीवर ठेवली. "हे बघा आबा. हे एक पातं, हे दुसरं. घोणशीच्या विषात दोन प्रथिनं अशी जोडीनं असतात. एक मारतं. दुसरं त्याला धरून असतं, वाया जाऊ देत न्हाई. ही जोडी कशी बसलीय ते मला काढायचंय."

"दुर्बिणीतनं दिसत न्हाई?"

"एवढं बारीक न्हाई दिसत. खडीसाखरेसारखे त्याचे खडे पडले असते, तर क्ष-किरण टाकून त्याचा सगळा चेहरामोहरा कळला असता. पण खडे काय पडले न्हाईत, किती केलं तरी. आन् खड्यात ती दावणीला बांधल्यासारखी उभी राहतात. अंगात गेल्यावर ती पाण्यात, रक्तात फिरणार. मला पाण्यातलीच बघायची होती."

"पाण्यातली कशी बघायची?"

"एका वाटेनं न्हाई बघता येत. तीन वाटा लागतात." तिनं कातरीवर बोट ठेवलं. "पाण्यातनं क्ष-किरण सोडले की ते फाकतात. त्यावरनं कळतं की वस्तू केवढी हाय, लांबट का गोल. पण पातं कुठलं, मूठ कुठली, ते न्हाई कळत. दुसरं एक यंत्र असतं, मोठ्या चुंबकाचं. ते सांगतं कुठला भाग कुणाला टेकलाय. तिसरी वाट रंगाची. एका पात्याच्या टोकाला एक रंग लावायचा, दुसऱ्याच्या टोकाला दुसरा. पहिल्याला उजेड दिला की तो दुसऱ्याला देतो. टोकं जवळ असली तर जास्ती देतो, लांब असली तर कमी. त्यावरनं अंतर काढायचं. मग तिन्ही उत्तरं कॉम्प्युटरवर एकत्र बसवायची. तिघांना पटेल अशी एकच आकृती उरली, की ती खरी."

पप्पू पाळीवरून नुकताच आला होता. बूट काढता काढता म्हणाला, "म्हंजी तीन साक्षीदार. आन् साक्ष जुळंना. बराबर?"

"बराबर, काका."

"आमच्या युनियनच्या मीटिंगवानी झालं."

"क्ष-किरण म्हणतात कातर उघडी हाय." धनश्रीनं पाती फाकवली. "रंग म्हणतो मिटलेली हाय."

"मग त्यो चुंबकवाला काय म्हणतोय?"

"तो खिळ्याजवळचंच सांगतो. खिळा काय, कातर उघडी असली तरी तिथंच, मिटली तरी तिथंच. तो दोघांनाबी हो म्हणतो."

"पक्का पुढारी हाय," पप्पू म्हणाला. ती हसली.

बाकीचं तिनं मला एकट्याला सांगितलं. क्ष-किरणांचं यंत्र परदेशात होतं. तिकडं जे प्रथिन गेलं ते हैदराबादेहून परस्पर विमानानं गेलं. वाटेत त्याच्या गाठी झाल्या असाव्यात आणि म्हणून ते लांबट दिसलं, असं तिच्या सरांचं मत होतं. रंगाचं काम तिनं स्वतःच्या हातानं केलं होतं, पुन्हा पुन्हा केलं होतं, आणि प्रत्येक कुपी तेच सांगत होती. सर म्हणत होते, क्ष-किरणांचा निकाल बाजूला ठेव, रंगावर प्रबंध लिही. सर काही वाईट माणूस नव्हते. तिची फेलोशिप डिसेंबरात संपत होती, त्याची काळजी त्यांना तिच्याइतकीच होती.

"मग ठेव की बाजूला," मी म्हणालो.

"मिटलेली लिहिली, म्हंजी मधे फट न्हाई असं मी लिहिलं. फट न्हाई तर औषध बसवायला जागा न्हाई. एकदा छापून आलं की पुढं कोण त्या फटीकडं बघणारसुद्धा न्हाई, आबा. आन् मला वाटतं ती हाय."

"नुसतं वाटतंय?"

"तेच तर. माझ्याकडं कारण न्हाई. रंगाचं काम लई नाजूक असतं. साबणाचा फेस, बोटाचा घाम, काही परकं आत गेलं की उजेड बदलतो. पण मी सगळं तपासलं. माझ्या हातनं काही चुकलेलं न्हाई. म्हंजी सर बरोबर असणार."

असं म्हणून तिनं कातर परत खिळ्याला लावली.

शनिवारी ती आजीची औषधं आणायला बाजारात गेली होती. मी अनसाबाईच्या उजव्या हाताला तेल लावत होतो. त्या हातात आता काही जीव नव्हता, पण बोटांच्या नखांत पिवळेपणा अजून राहिला होता.

"पोरगी का रडतीया?" तिनं विचारलं.

"कामाचं हाय."

"रडू नगं म्हणावं. तिचं काम व्हनार हाय."

"तुला काय ठावं?"

ती एका गालानं हसली. झटका आल्यापासून पहिल्यांदाच हसली असेल. "म्या बंदोबस्त केलाय. पर तुमी भंडारा उचला आदी. कुणाला सांगायचं न्हाई. असलं सांगितलं की गुण जातुया."

मला वाटलं, काही नवस बोलली असेल. आजारी बाईचं मन मोडायचं कशाला? तिच्या उशाखालची पिशवी काढली, चिमूटभर भंडारा उचलून कपाळाला लावला आणि म्हणालो, "उचलला. बोल."

आमच्यात भंडारा उचलला की माणूस बांधला गेला. जमिनीचे, सोयरिकीचे, मेंढ्यांच्या चोरीचे तंटे आमच्या वाडवडिलांनी एवढ्यावर मिटवलेत. कोर्टात खोटं बोललेले लोक मी पाहिलेत, भंडारा उचलून बोललेला एकही पाहिला नाही.

"जावळाच्या दुसऱ्या दिशी," ती म्हणाली, "तुमी समदी च्या पीत व्हता. म्या त्यो फ्रिज उगडला. त्या कुप्या काडल्या. माज्या माऊलीला ज्यानं नेला, त्येच इख ते. आन् पोरगी रोज त्यात हात घालतीया. म्या एकेकीचा कागुद सोडला, टोपान उगडलं, बिरोबाच्या पायाचा भंडारा बोटाला घेतला आन् आत बुडीवला. समद्या कुप्यांत. परत व्हता तसा कागुद गुंडाळला. आता ते इख तिला काय बी करनार न्हाई. देवाच्या हवाली केलंय म्या."

तेलाची वाटी माझ्या हातात तशीच राहिली.

"रंग न्हाई का दिसला तिला?" असं काहीतरी मी विचारलं असेन.

"आतलं पानी पिवळंच व्हतं की आदीच," ती म्हणाली.

मी शाळेत शिकलेला माणूस नाही. भंडाऱ्यानं त्या यंत्रात काय होतं, होतं की नाही, मला काहीच माहीत नव्हतं. पण 'काही परकं आत गेलं की उजेड बदलतो' हे पोरीचं वाक्य कानात ताजं होतं. ती जे कारण शोधत होती, ते कदाचित माझ्याच कपाळाला लागलेलं होतं.

तो शनिवार आणि रविवार कसे गेले ते लिहिता येत नाही. धनश्री समोर बसून जेवत होती, तिला सांगता येत नव्हतं. अनसाबाईला म्हणालो, "पोरीला एवढं सांगू का? तिच्या उपयोगाचं असंल." ती म्हणाली, "भंडारा उचललाय तुमी." मी म्हणालो, "मग तू तरी सांग." ती म्हणाली, "सांगितलं की गुण गेला. मंग माजी पोरगीबी जाईल माऊलीवानी." आणि डावा हात कपाळावर मारून घेतला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिच्या मनाला धक्का लागेल असं काही करू नका. मी दाराबाहेर जाऊन उभा राहायचो. समोर डबे. आत यायचो. इकडं खाट, तिकडं कागद. मेंढरू काटवणात शिरतं, पुढं काटे, मागं काटे, आणि ते ओरडतही नाही, तसं झालं होतं. नाही सांगितलं तर पोरगी खोटं छापणार, आणि तेही ज्यानं तिचा बाप नेला त्या विषाबद्दल. सांगितलं तर देवाची आण मोडली, आणि खाटेवरच्या बाईला कळलं तर तिचं काय होईल?

सोमवारी धनश्री पुण्याच्या शटलनं जायला निघाली. मी पिशवी घेऊन तिला सोडायला गेलो. पुलाच्या पायऱ्या चढताना ती म्हणाली, "ठरवलंय मी. सरांना हो म्हणते. कुठंतरी संपवायला पाहिजे, आबा." तिचा आवाज अगदी मोकळा होता आणि तेच मला सहन झालं नाही.

पुलावर मी तिला थांबवलं.

"भंडारा उजेडाला काय करतो?"

"काय?"

"आपला भंडारा. हळद. तुझ्या त्या रंगाच्या यंत्रात गेला तर काय करंल?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "हळद तर स्वतःच चमकते, आबा. त्याच उजेडात. का?"

मग मी सांगितलं. सगळं, जसं ऐकलं तसं. खाली शटल लागली होती. लोक आम्हाला धक्के देत उतरत होते. एक बाई म्हणाली, "म्हातारं मधीच का उभं हाय?" धनश्रीनं विचारलं, "बोटाला लागलेला, का चिमूट?" मी म्हणालो, "बोट बुडवलं म्हणाली." तिनं विचारलं, "सगळ्या कुप्यांत?" मी म्हणालो, "सगळ्या."

ती पुलाच्या कठड्याला धरून खाली बसली. मला वाटलं रडेल. पण ती हसायला लागली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं.

"सगळ्या कुप्या तेच सांगत होत्या!" ती म्हणाली. "तेच सांगणार की! सगळ्यांत आजीचं बोट."

शटल सुटली. आम्ही वरून ती जाताना पाहिली.

"आबा, मला तो भंडारा पाहिजे. तिच्या पिशवीतलाच. संस्थेत थोडं प्रथिन बिनरंगाचं उरलंय, त्याला रंग लावून त्यात घालून बघायचा. तोच उजेड आला, तर माझ्याकडं कारण हाय."

"म्या आण मोडलीय," मी म्हणालो. "तिनं मला भंडारा उचलायला लावला होता."

ती उठून उभी राहिली. तीही आमच्याच घरातली. त्याचा अर्थ तिला समजावून सांगावा लागला नाही.

"मग मी न्हाई मागत," ती म्हणाली. "हळद बाजारात मिळते."

"बाजारातल्या हळदीत काय काय असतं. तुलाच तिच्या पिशवीतला पाहिजे म्हणालीस."

"व्हय."

"मग चल."

आम्ही घरी आलो. धनश्री खाटेजवळ बसली आणि आजीचा डावा हात हातात घेतला. "आजी, तुझ्या पिशवीतला थोडा भंडारा दे. पुण्याला न्यायचाय."

अनसाबाईनं तिच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. तिला तेव्हाच कळलं. मी मान खाली घातली नाही. घालायला हवी होती की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"घे," ती म्हणाली. एवढंच.

धनश्रीनं कागदाच्या पुडीत भंडारा घेतला आणि दुपारच्या गाडीनं गेली. आठवडा उलटला आणि पप्पूच्या मोबाइलवर तिचा फोन आला. भंडारा घातला की तोच उजेड, तेच चुकीचं अंतर. नाही घातला तर वेगळं. पण ते उरलेलं प्रथिन या तपासणीत संपत आलं होतं. सगळं पुन्हा करायचं, हैदराबादेत प्रथिन काढण्यापासून. डिसेंबरात फेलोशिप बंद झाली. सरांनी यंत्र वापरायची परवानगी मात्र ठेवली. तिनं शिरूरच्या एका कॉलेजात तासांवर शिकवायचं काम धरलं, आणि सुट्टी मिळेल तसं पुण्याला जायला लागली.

त्याआधी, दिवाळीत ती आली, तेव्हा अनसाबाईनं तिला जवळ बोलावलं. त्या सोमवारपासून माझ्याशी ती कामापुरतंच बोलत होती, पाणी, कूस, खिडकी, एवढंच.

"माज्या भंडाऱ्यानं तुजं वाटुळं केलं म्हनं."

धनश्री माझ्याकडं बघायला लागली. मी काही सांगितलं नव्हतं. पप्पूच्या फोनवरचं बोलणं दोन खोल्यांत कुणापासून लपणार?

"वाटोळं न्हाई, आजी. उशीर झाला."

"खरं सांग."

पोरीनं खरं सांगितलं. हळद त्या प्रथिनाला जाऊन चिकटली, तिचा उजेड रंगात मिसळला, आणि त्यामुळं उघडी कातर मिटलेली दिसली, हे सगळं तिनं आजीला कळेल असं सांगितलं. अनसाबाई ऐकत होती.

"इखाला चिकटला म्हनतीस?"

"चिकटला."

"घट?"

"चांगलाच घट्ट."

"मंग देवानं धरलं की त्येला!" अनसाबाई म्हणाली. पप्पू मोठ्यानं हसला. धनश्रीही हसली. मलाही वाटलं, सुटलो. दिवाळीचा दिवस होता, हर्षदा तान्ह्या मुलीला घेऊन आली होती, घर भरलेलं होतं.

पण सुटलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणं तिच्या कपाळाला भंडारा लावायला गेलो, तर तिनं तोंड फिरवलं.

"नगं."

"का?"

"पोरगी घरात हाय. हाताला लागतुया, कुटंबी जातुया. तिच्या कुप्यांत जाईल."

"कुप्या पुण्याला हायेत."

"नगं म्हनलं ना."

मग तिनं मला तिचे हात धुवायला लावले. साबण लावून, दोन्ही. निर्जीव हातसुद्धा. त्यानंतर धनश्री यायची असली की ती आधी हात धुवून घ्यायची, नखं काढून घ्यायची, आणि पोरीनं पाया पडायला वाकलं तर हात मागं ओढायची. धनश्रीनं किती समजावलं. "आजी, आता काही होत न्हाई, लाव की मला." ती लावत नसे. उशाखालची पिशवी तिनं हर्षदाला देऊन टाकली. मी एकदा म्हणालो, "अगं, आण मी मोडली, तू कशाला सोडतीस?" ती म्हणाली, "तुमी मोडलीसा म्हनून पोरीचं काम वाचलं. माजं काय वाचलं?" खिडकीतून डबे हलताना दिसत होते. तिनं त्या वेळी विचारलंही नाही, ते कधी जाणार.

नव्या कुप्यांचा निकाल पुढच्या वैशाखात लागला. धनश्री मांडवगणला आली, तिच्या आईला आणि मला अंगणात बसवलं आणि तीच जुनी कातर मागून घेतली. ती मी दौंडहून येताना बरोबर आणली होती. तिनं पाती फाकवली आणि म्हणाली, "उघडी, आबा. आता तिघंबी तेच म्हणतात." फट दोन बोटं शिरतील एवढी ठेवून तिनं ती माझ्या हातात दिली. मी ती मिटली नाही. तशीच खिळ्याला लावली, ती अजून तशीच आहे.

हे ऐकायला अनसाबाई नव्हती. अनसाबाई ज्ञानू कोळपे, राहणार मांडवगण फराटा, ही दौंड येथे मुलाच्या क्वार्टरमध्ये सोमवार दिनांक १२ मार्च २००७ रोजी सकाळी वारली.